बायपासमध्ये लावलेली पायाची नीला आणि कोलेस्टेरॉल: एलडीएल उतरवून ग्राफ्ट वाचतो का?

रत्नाकर_मिरज

नमस्कार. मामांच्या बायपासबद्दल विचारायचं आहे. वय ६१, मधुमेह १२ वर्षांपासून. ऑपरेशनला १४ महिने झाले. डिस्चार्ज कार्डावर तीन ग्राफ्ट (अडथळ्याला वळसा घालणाऱ्या रक्ताच्या वाटा) लिहिलेत: लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए. म्हणजे छातीतली एक धमनी (लिमा) आणि डाव्या पायातून काढलेल्या नीलेचे दोन तुकडे (एसव्हीजी), हृदयाच्या एलएडी, ओएम, पीडीए या धमन्यांना जोडलेले, असं समजलो.

लिपिडचे आकडे, सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये:

ऑपरेशनआधी, गोळी सुरू नसताना: एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४८
ऑपरेशननंतर ३ आठवड्यांनी, ॲटोर्व्हास्टॅटिन ४० वर: एलडीएल ६१
आत्ता, ॲटोर्व्हास्टॅटिन १० वर: टोटल १७२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल ९६

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. तंबाखू, सिगारेट नाही.

पाय दुखतात म्हणून ४ महिन्यांपूर्वी घरच्यांनीच ४० ची गोळी बंद करून १० ची आणली. परवा सीटी अँजिओ झाला. ओएमला जाणारा नीलेचा ग्राफ्ट पूर्ण बंद आहे, बाकी दोन चालू आहेत. छातीत दुखत नाही, जिना चढताना दम लागत नाही.

तीन शंका आहेत. हा ग्राफ्ट कोलेस्टेरॉलमुळे बंद पडला का? दुसरी अशी की २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात इंजेक्शनने एलडीएल निम्म्यावर आणूनही नीलेचे ग्राफ्ट वाचले नाहीत असं वाचलं. मग मोठा डोस कशासाठी घ्यायचा? आणि पाय दुखतात ते खरोखर गोळीमुळेच का?

शल्यकट्टा

पहिल्या शंकेचं उत्तर आधी देतो. १४ महिन्यांच्या आत बंद पडलेल्या नीलेचं खापर सहसा कोलेस्टेरॉलवर फुटत नाही. कोलेस्टेरॉलला तेवढा अवधीच मिळालेला नसतो.

पायातली ही सॅफेनस नीला म्हणजे रक्त परत हृदयाकडे नेणारी वाट आहे. माणूस आडवा असताना तिच्यातला दाब ५ ते १० मिलिमीटर पारा असतो. ती महाधमनीला जोडली की त्याच क्षणापासून तिला १२० चा दाब सोसावा लागतो. तिच्यात झडपा असतात, म्हणून ती उलटी फिरवून शिवतात. भिंत पातळ आणि पोकळी ३ ते ५ मिलिमीटर. समोरची ओएम मात्र बऱ्याचदा दीड मिलिमीटरची. रुंद नळीतून अरुंद नळीत जाणारं रक्त वाटेत रेंगाळतं. रक्त भिंतीला घासून वेगाने वाहत असेल तर आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि भिंत निरोगी राहते. रेंगाळणाऱ्या रक्तात हे कमी होतं. लिमा मुळातच धमनी आहे, तिचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवतं आणि अस्तराखालचा लवचीक पडदा जवळजवळ अखंड असतो. म्हणून एलएडीला लावलेल्या लिमा १० वर्षांनीही दहातल्या नऊ चालू सापडतात. नीलेचे ग्राफ्ट पहिल्या वर्षातच शंभरातले १० ते २० बंद होतात, आणि १० वर्षांनी साधारण निम्मेच धड उरतात.

नीलेचा ग्राफ्ट तीन वेगळ्या कारणांनी जातो आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या.

पहिल्या महिन्यात गुठळी होते. ही बहुतेकदा ऑपरेशन टेबलावरची गोष्ट. नीला काढताना ओढली गेली, फांद्या बांधताना भिंत चिमटली, गळती बघायला सिरिंजने फुगवताना जोर जास्त लागला. हाताने दाबलेल्या सिरिंजमध्ये दाब सहज ३०० च्या वर जातो. काढलेली नीला साध्या सलाइनमध्ये पडून राहिली तरी आतलं अस्तर सोलवटतं. अस्तर गेलेल्या जागी प्लेटलेट चिकटतात. जोड वाकला, नीला लांब राहून मुरडली किंवा तोकडी पडून ताणली गेली, पुढची धमनी फारच बारीक निघाली, ही कारणं याच गटातली.

पहिल्या महिन्यानंतर वर्षभर भिंत आतून जाड होत जाते. नव्या दाबाला तोंड द्यायला मधल्या थरातल्या स्नायुपेशी अस्तराखाली सरकतात आणि वाढतात. थोडी जाडी हवीच, त्याशिवाय नीला हा दाब पेलू शकणार नाही. पण ही वाढ थांबली नाही तर वाट अरुंद होते.

वर्ष उलटल्यावर कोलेस्टेरॉलचा खेळ सुरू होतो, आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षापासून तो डोळ्यांना दिसू लागतो.

तुमच्या मामांचा ओएम ग्राफ्ट पहिल्या दोनपैकी एका कारणाने गेला असावा. नेमकं कधी गेला हे आजच्या सीटीवरून सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यातही गेला असेल. छातीत दुखत नाही याचा अर्थ त्या भागाला मूळ धमनीतून किंवा आडवाटेने रक्त पोचतं आहे, पण स्ट्रेस टेस्ट करून खात्री करावी लागेल. ऑपरेशन नोट मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्या नोटमध्ये ओएमचा व्यास, भिंतीची प्रत आणि टेबलावर मोजलेला ग्राफ्टचा प्रवाह लिहिलेला असू शकतो. व्यास एकच्या आसपास आणि प्रवाह मिनिटाला २० मिलिलिटरच्या खाली असेल तर उत्तर बरंचसं तिथेच मिळेल.

नीला कशी काढली याने किती फरक पडतो तेही सांगतो. स्वीडनमध्ये ओरेब्रोला डोमिंगोस सूझा यांनी नीला भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायची पद्धत रुळवली. चीनमध्ये २,६५५ रुग्णांवर तिची चाचणी झाली. १२ महिन्यांनी बंद ग्राफ्टचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ६.५ टक्के आणि चरबीसकट काढलेल्या नीलेत ३.७ टक्के निघालं. पायाच्या जखमेचा त्रास मात्र या पद्धतीत जास्त होतो, मधुमेह्यांनी ते आधी विचारून घ्यावं.

लिपिडवाचक

दुसरी शंका मोलाची आहे. तो निकाल अर्धवट वाचून लोक गोळ्या सोडतील अशी मला भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही वाचलेली चाचणी न्यूटन-कॅबजी. ७८२ रुग्ण, बायपास नुकतीच झालेली, बहुतेकांना स्टॅटिन (ॲटोर्व्हास्टॅटिन त्यातलीच एक गोळी) आधीपासून सुरू. निम्म्यांना इव्होलोक्युमॅबचं इंजेक्शन, निम्म्यांना औषध नसलेलं. एलडीएल आणखी ४८ टक्क्यांनी उतरलं. २४ महिन्यांनी नीलेचे ग्राफ्ट तपासले, तर ५० टक्के किंवा जास्त अरुंद झालेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्यांत २१.७ आणि दुसऱ्या गटात १९.७ टक्के. म्हणजे फरक नाही.

आता शल्यकट्टा यांनी दिलेलं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. पहिल्या २४ महिन्यांत बंद पडणारे ग्राफ्ट गुठळीने आणि भिंत जाड होऊन जातात, आणि त्या दोन्हींची गुरुकिल्ली एलडीएलकडे नाही. शिवाय या लोकांचं एलडीएल सुरुवातीलाच ७० च्या आसपास होतं. चाचणीने एवढंच दाखवलं की आधीच उतरलेलं एलडीएल आणखी उतरवल्याने पहिल्या दोन वर्षांतली पडझड थांबत नाही. पाचव्या, आठव्या, बाराव्या वर्षी काय होतं हा प्रश्न तिने विचारलेलाच नाही.

तो प्रश्न विचारणारी चाचणी १९९७ मध्ये छापून आली, पोस्ट-कॅबजी नावाने ओळखतात. १,३५१ रुग्ण, बायपास होऊन १ ते ११ वर्षं झालेले, एलडीएल १३० ते १७५. एका गटाला लोव्हास्टॅटिनचा भरपूर डोस, लागला तर कोलेस्टायरामिनची जोड. त्यांचं एलडीएल ९३ ते ९७ वर आलं. दुसऱ्या गटाला नावापुरता डोस. त्यांचं १३२ ते १३६ राहिलं. सरासरी ४.३ वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी केली. ज्यांत आजार वाढला असे ग्राफ्ट दुसऱ्या गटात ३९ टक्के, पहिल्यात २७ टक्के. पुन्हा बायपास किंवा अँजिओप्लास्टी करावी लागण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी. याच चाचणीत थोड्या डोसाचं वॉर्फरिनही तपासलं होतं, त्याचा ग्राफ्टवर काही उपयोग दिसला नाही.

त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, माँट्रियलमधल्या कँपो यांच्या गटाने ८२ रुग्णांच्या नीला १० वर्षांनी तपासल्या होत्या. ज्यांच्या ग्राफ्टमध्ये आजार वाढला त्यांचं एलडीएल आणि ॲपो-बी (या कणांवरचं प्रथिन, त्यावरून कणांची संख्या कळते) जास्त होतं, एचडीएल कमी. आणि टीएनटी चाचणीतल्या बायपास झालेल्या ४,६५४ रुग्णांत ॲटोर्व्हास्टॅटिन ८० घेणाऱ्यांचं एलडीएल सरासरी ७९ राहिलं, १० घेणाऱ्यांचं १०१. हृदयाच्या मोठ्या घटना ९.७ विरुद्ध १३ टक्के. तुमचे मामा आज नेमके १० च्या गटात बसले आहेत.

नीलेत कोलेस्टेरॉल एवढं का मुरतं? वर्षभरात आतून जाड झालेल्या थरात पेशींबरोबर चिकट साखरयुक्त प्रथिनांचं जाळं तयार होतं. रक्तातले एलडीएलचे कण अस्तरातून आत शिरतात आणि या जाळ्यात अडकतात. अडकले की त्यांचं ऑक्सिडीकरण होतं, शरीर त्यांना परकं समजतं, पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. हे धमनीतही होतं. पण नीलेची भिंत एलडीएल जास्त ओढते आणि आत आलेल्या चरबीचा निचरा सावकाश करते. त्यामुळे मूळ धमनीत जो थर साचायला तीसचाळीस वर्षं लागतात, तो नीलेत दहाएक वर्षांत दिसतो.

थराची जातही निराळी असते. मूळ धमनीत गाठ एका बाजूला, ठरावीक जागी, वर तंतूंचं घट्ट झाकण. नीलेत थर चहूबाजूंनी, लांबच लांब पसरलेला, झाकण पातळ किंवा नाहीच, आत भुसभुशीत मऊ ऐवज. तो सहज फुटतो आणि तुकडे पुढे वाहून जातात.

तेव्हा राहिलेला पीडीएचा ग्राफ्ट आज चालू आहे ही चांगली बातमी, पण त्याची कोलेस्टेरॉलची वर्षं आता कुठे सुरू होत आहेत. आणि मूळ धमन्या, मेंदूच्या, पायांच्या धमन्या आहेतच. ज्या आजाराने बायपासची वेळ आणली तो त्यांच्यातही आहे.

एक आकडा दुरुस्त करून वाचा. ऑपरेशननंतर ३ आठवड्यांनी आलेला ६१ हा खरा नव्हता. मोठं ऑपरेशन, जखमा, ताप यांत एलडीएल काही आठवडे आपोआप खाली जातं. १४८ वर ॲटोर्व्हास्टॅटिन ४० चा परिणाम साधारण निम्मा, म्हणजे ७५ च्या आसपास अपेक्षित होता. तो ६१ बघून घरात सगळे निश्चिंत झाले असतील तर नवल नाही. तपासणी ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवड्यांनी करावी आणि डोस बदलल्यावरही तेवढाच अवधी द्यावा.

रत्नाकर_मिरज

दोघांचेही आभार. ऑपरेशन नोटसाठी अर्ज देतो. आत्ता गोळ्यांच्या पट्ट्या काढून पाहिल्या. आधीची ४० ची म्हणजे एक कॅप्सूल होती, तिच्यावर ॲटोर्व्हास्टॅटिन ४०, क्लोपिडोग्रेल ७५, ॲस्पिरिन ७५ असं लिहिलंय. आता चालू आहे ती साधी ॲटोर्व्हास्टॅटिन १०. बाकी मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्या आहेत तशाच.

गोळीपेटी

रत्नाकर, बाकी सगळं नंतर वाचा. आजच मामांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि हेच वाक्य सांगा: "४ महिन्यांपासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद आहेत." ती कॅप्सूल तीन औषधांची होती. कोलेस्टेरॉलची गोळी कमी करतोय असं समजून घरच्यांनी रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधं काढून टाकली. नीलेच्या ग्राफ्टला पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त आधार याच औषधांचा असतो. ॲस्पिरिन बायपासनंतर शक्य असेल तर पहिल्या ६ तासांत सुरू करतात आणि पुढे जन्मभर चालवतात. दुसरं औषध किती महिने, हे डॉक्टर रुग्ण बघून ठरवतात. चीनमधल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनसोबत टिकाग्रेलोर (क्लोपिडोग्रेलसारखंच औषध) दिलेल्यांचे वर्षभरानंतर ८८.७ टक्के ग्राफ्ट चालू होते, नुसत्या ॲस्पिरिनवर ७६.५. मामांना पोटात अल्सर, काळी शौच, रक्तस्राव असं काही झालं असेल तर तेही फोनवर सांगा. स्वतःच्या मनाने जुनी पट्टी सुरू करू नका, पण उद्यावरही ढकलू नका.

मिश्र कॅप्सूलचा हा घोटाळा औषधाच्या काउंटरवर सतत दिसतो. हृदयाच्या गोळीच्या नावापुढे "गोल्ड", "ए", "सीव्ही" असं काही असेल तर पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचायचेच. बदल हवा असेल तर घटक सुटे लिहून मागा, म्हणजे एक कमी करताना दुसरं जात नाही.

आता पायदुखी. नेमकं कुठे दुखतं ते विचारा. नीला काढलेल्या डाव्याच पायाला, घोट्यापासून नडगीच्या आतल्या बाजूने जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर ती सॅफेनस नसेची तक्रार आहे. ही नस नीलेला लगटून जाते, नीला काढताना दुखावते, आणि हा त्रास महिनोन् महिने रेंगाळू शकतो. गोळी बंद केल्याने तो जाणार नाही. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या, नितंब अशा मोठ्या स्नायूंत असतं आणि गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत येतं. दोन्ही तळपाय जळत असतील तर १२ वर्षांच्या मधुमेहाकडे बघा. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबलं की दोन मिनिटांत उतरत असेल तर पायाच्या धमन्यांची तपासणी हवी. त्या दुखण्यात स्टॅटिन कमी करणं म्हणजे नेमकं उलट पाऊल.

रक्तात सीके (स्नायूंची इजा दाखवतं), एएलटी (यकृताची), टीएसएच (थायरॉइड) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलही वाढतं आणि स्टॅटिनने स्नायूही जास्त दुखतात, एकाच तपासणीत दोन्हीचं कारण सापडतं. सीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या १० पट झालं किंवा लघवी चहासारखी काळपट झाली तर गोळी तत्काळ थांबवून दवाखाना गाठायचा. एएलटी तीन पटींच्या आत असेल तर सहसा गोळी चालू ठेवून पुन्हा तपासतात.

सीके ठीक असूनही शंका राहिली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली २ ते ४ आठवडे स्टॅटिन थांबवून बघता येतं. दुखणं गेलं, पुन्हा सुरू केल्यावर परत आलं, तरच गोळीवर ठपका ठेवायचा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने ६० जणांवर असंच करून पाहिलं: काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच असतं, कोणी नाटक करत नसतं. फक्त कारण दर वेळी औषधात सापडत नाही.

डोसचा हिशोब असा, १४८ धरून:

ॲटोर्व्हास्टॅटिन १०: साधारण ३७ टक्के घट, एलडीएल ९३ (मामांचं ९६ आलंय, म्हणजे गोळी घेतली जातेय)
ॲटोर्व्हास्टॅटिन ४०: ४९ टक्के, ७५
ॲटोर्व्हास्टॅटिन ८०: ५५ टक्के, ६७
रोझुव्हास्टॅटिन २०: ५२ टक्के, ७१
ॲटोर्व्हास्टॅटिन ४० अधिक इझेटिमाइब १०: ५८ च्या आसपास
रोझुव्हास्टॅटिन २० अधिक इझेटिमाइब १०: ५५ च्या आसपास

स्टॅटिन दुप्पट केलं की जेमतेम ६ टक्के घट वाढते, इझेटिमाइबची (आतड्यातून कोलेस्टेरॉल कमी शोषू देणारी) एक गोळी जोडली की उरलेल्यातले २० ते २५ टक्के जातात. पाय दुखतात अशी तक्रार असताना ८० कडे जाण्यापेक्षा मधला डोस आणि इझेटिमाइब हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडच्या लोकांत रोझुव्हास्टॅटिन रक्तात जास्त चढतं, म्हणून ५ किंवा १० ने सुरुवात करून वाढवतात. मूत्रपिंडाचं काम फारच कमी, क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर त्याची मर्यादा १०.

बरोबर काय घेऊ नये: ॲटोर्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनॅझोल लिहून मिळालं तर डॉक्टरांना आठवण करा. ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातलं आपलं पपनस, दोन्ही ॲटोर्व्हास्टॅटिनची पातळी चढवू शकतात. एखादी फोड खाल्ली म्हणून घाबरायचं कारण नाही, पण घरामागे झाड आहे म्हणून रोज अख्खं फळ नको. रोझुव्हास्टॅटिनला पपनसाची अडचण नाही, तिला पित्तावरच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधाची आहे. दोन्ही एकत्र घेतलं तर गोळी निम्मीच लागू पडते. अँटासिड गोळीनंतर २ तासांनी घ्यावं.

लिपिडवाचक

गोळीपेटी यांनी कॅप्सूल पकडली ते फार बरं झालं.

त्यांच्या हिशोबात एक भर. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार मामांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. परदेशातले नातेवाईक मिलिमोलमध्ये बोलत असतील तर ते १.४. वरच्या हिशोबातला कुठलाही पर्याय ५५ च्या पुरता खाली जात नाही. तेव्हा ६ ते ८ आठवड्यांनी तपासून तिसरी पायरी लागेल अशी मनाची तयारी ठेवा. बेंपेडोइक ॲसिड १८० ची गोळी स्वस्तातली, आणखी १५ ते २० टक्के देते. युरिक ॲसिड वाढवते, म्हणून गाऊट असेल तर आधी सांगा. इव्होलोक्युमॅब १४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी किंवा इंक्लिसिरॅन २८४ मिलिग्रॅम पहिल्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात आणि मग दर ६ महिन्यांनी, ही इंजेक्शनं निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरवतात. खर्च मोठा आहे. रोजच्या दोन स्वस्त गोळ्या नेमाने न घेता थेट इंजेक्शनकडे वळणं मला पटत नाही.

मामांच्या रिपोर्टमध्ये मला ९६ पेक्षा जास्त खटकतो तो तिथे न छापलेला आकडा. टोटल १७२ मधून एचडीएल ३४ वजा करा: १३८. हे नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत शिरू शकणारे सगळे कण यात येतात, आणि ते ८५ च्या खाली हवं. ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४, साखर ८.१ हा आपल्या मधुमेह्यांतला ओळखीचा साचा आहे. त्यात एलडीएल बरं दिसतं आणि कण मात्र पुष्कळ असतात. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर हा हिशोब वापरूच नये. एलडीएल ७० च्या खाली आणि ट्रायग्लिसराइड चढं असताना तो खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. पुढच्या वेळी थेट मोजलेलं एलडीएल किंवा ॲपो-बी मागा.

आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) तपासा. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर नीलेच्या ग्राफ्टमध्ये आजार होण्याशी त्याचा संबंध जुन्या अभ्यासांत दिसला आहे, दक्षिण आशियाई लोकांत ते बऱ्याच जणांना जास्त असतं, आणि स्टॅटिनने ते उतरत नाही. जास्त निघालं तर एलडीएल आणखी निगुतीने खाली ठेवायचं, आणि मुलांचंही तपासून घ्यायचं, कारण ते रक्तातून वारशाने येतं.

मूठभर_दाणे

आहाराबद्दल थोडक्यात, कारण इथे गोळ्यांची जागा आहार घेऊ शकत नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

एलडीएल चढवते ती संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलवर जेवढी चर्चा होते तेवढी खारी, नानकटाई, बटर, पॅटिस यांतल्या वनस्पती तुपावर होत नाही. २०२२ पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी त्यांतली पामतेलाची संपृक्त चरबी उरतेच. खोबरेल तेल जवळजवळ ९० टक्के संपृक्त, पामतेल निम्मं, शेंगदाणा तेल पाचव्या भागाच्या आत. म्हणजे घरातलं शेंगदाणा तेल बदलायची घाई नको, माणशी महिन्याला अर्धा लिटरपर्यंत आणा. वाटपातलं ओलं खोबरं पूर्ण बंद करायची गरज नाही, पण रोज नारळाचं दूध घातलेली आमटी या रुग्णाला नको. दुधावरची साय काढायची.

विरघळणारा चोथा खरोखर उपयोगी पडतो. इसबगोल १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट मोठे चमचे, दोन वेळांत विभागून, दर वेळी पेलाभर पाण्याबरोबर. एलडीएल ५ ते ७ टक्के उतरतं. गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास लांब ठेवा. मटकी, हुलगे, चवळी सालासकट.

ट्रायग्लिसराइड २१० आहे तिथे मात्र तेल-तुपाइतकंच साखर, भात, साबुदाणा आणि दारू यांकडे बघायचं. साखर ताब्यात आली की हा आकडा बहुधा आपणच खाली येतो. उपवासाची साबुदाणा खिचडी या घरात आठवड्यातून दोनदा होत असेल तर आधी तिथे हात घाला, वऱ्याचे तांदूळही थोडेच आणि सोबत दाण्यांऐवजी ताक-काकडी.

शल्यकट्टा

घरच्यांना पुढचा प्रश्न पडेलच, म्हणून आधी लिहून ठेवतो: बंद ग्राफ्ट अँजिओप्लास्टीने उघडता येईल का? पूर्ण बंद पडून महिने झालेली नीला सहसा उघडत नाहीत. आतला भुसभुशीत ऐवज पुढे सुटतो, बारीक वाहिन्या तुंबतात आणि फुगा फुगवूनही रक्त पुढे सरकत नाही. नीला अरुंद आहे पण चालू आहे अशा वेळी स्टेंट घालताना पुढे तुकडे अडवणारं साधन लावतात. ८०१ रुग्णांच्या सेफर चाचणीत ते लावल्याने ३० दिवसांतल्या मोठ्या घटना १६.५ वरून ९.६ टक्क्यांवर आल्या. ओएमच्या भागात स्ट्रेस टेस्टला रक्त कमी पडतंय असं दिसलं, तर मूळ ओएममधूनच वाट काढता येते का हे डॉक्टर आधी बघतील. कमी पडत नसेल तर औषधं चालू ठेवून वाट पाहणं बरोबर.

पीडीएच्या ग्राफ्टवर लक्ष ठेवायचं म्हणजे दरवर्षी सीटी काढायचा असं नाही. चालताना नव्याने दम, जबडा किंवा डाव्या हातात भरून येणं, जेवणानंतरच्या फेरीत पूर्वी नसलेली धाप, यांपैकी काही आलं की त्याच आठवड्यात दाखवायचं. विश्रांतीत १५ मिनिटांपेक्षा जास्त दुखलं, घाम सुटला तर लगेच रुग्णालय. मधुमेहात दुखणं मुकं असू शकतं, नुसता घाम आणि थकवा आला तरी तोच नियम.

रत्नाकर_मिरज

डॉक्टरांशी बोलणं झालं. पोटाचा काही इतिहास नाही असं सांगितलं. ॲस्पिरिन ७५ आजपासून सुटं सुरू करायला सांगितलंय, क्लोपिडोग्रेलचं परवा भेटीत ठरेल. सीके, एएलटी, टीएसएच, ड जीवनसत्त्व आणि लायपोप्रोटीन-ए उद्या सकाळी देतो. पाय विचारला: फक्त डावा, घोट्याच्या वर आतल्या बाजूला, हात फिरवला की बधिर लागतं. मांड्या, पोटऱ्या ठीक.

गोळीपेटी

म्हणजे ती नस आहे. परवाच्या भेटीला जुनी आणि नवी दोन्ही पट्ट्या, ऑपरेशनआधीचा १४८ चा रिपोर्ट आणि सीटीची सीडी न्या. सीके ठीक आलं तर ॲटोर्व्हास्टॅटिन पुन्हा ४० आणि सोबत इझेटिमाइब १० सुरू करता येईल का, हे स्पष्ट विचारा. पुढच्या लिपिडची तारीख तिथेच कार्डावर लिहून घ्या, आजपासून नाही, नवा डोस सुरू झाल्या दिवसापासून ८ आठवडे मोजून.